औषध देण्यापूर्वीचा हिशेब : परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

अमरावतीच्या इर्विन व डफरीन रुग्णालयांत किंवा अकोल्याच्या सर्वोपचार आणि जिल्हा स्त्री रुग्णालयांत प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या जीएनएम व बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काही प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात. केसपेपरवर ३७५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर सिरिंजमध्ये नेमके किती औषध घ्यायचे, दोन औषधे एकाच सलाईनमध्ये चालतील का, फोनवर सांगितलेली मात्रा द्यावी की लेखी आदेशाची वाट पाहावी, आणि चूक झालीच तर ती आधी कोणाला सांगावी, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकांत असतात, पण विखुरलेली असतात, कारण पुस्तक औषधांच्या गटांनुसार चालते आणि वॉर्डातले काम रुग्णाच्या गरजेनुसार चालते.

या गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. डॉक्टर औषध वजनात लिहितात, परिचारिका ते सिरिंजमध्ये आकारमानाने मोजते, आणि या दोहोंना जोडणारी माहिती फक्त व्हायलच्या किंवा ॲम्प्युलच्या लेबलवर असते. म्हणून लेबल वाचणे, हिशेब कागदावर मांडणे आणि शंका आल्यास हात थांबवणे या तीन सवयी पहिल्या वॉर्ड पोस्टिंगपासूनच लावून घ्याव्यात. पुढे दिलेल्या मात्रा हिशेब आणि त्यामागचे तत्त्व समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष औषध देताना डॉक्टरांचा लेखी आदेश व आपल्या रुग्णालयाची कार्यपद्धती हीच प्रमाण मानावी.

औषधशास्त्र किती आणि कशासाठी

औषधाचे शरीरात काय होते हे औषधशास्त्र म्हणजेच फार्माकॉलॉजी चार टप्प्यांत सांगते. परिचारिकेच्या दृष्टीने या प्रत्येक टप्प्याशी एखादा निर्णय जोडलेला असतो, आणि तो निर्णय कळण्यापुरते औषधशास्त्र पक्के असणे आवश्यक आहे.

- शोषण, म्हणजे औषध रक्तात पोहोचणे. तोंडाने दिलेली गोळी साधारण अर्ध्या ते एका तासाने परिणाम दाखवू लागते, तर शिरेतून दिलेले औषध ताबडतोब रक्तात असते. म्हणून शिरेतून दिलेल्या औषधाची चूक मागे घेता येत नाही आणि तेथे सावकाशपणाला पर्याय नसतो. लोहाच्या गोळीचे शोषण चहामुळे व कॅल्शियममुळे कमी होते. गरोदर स्त्रीला या दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगण्याचे कारण हेच आहे.
- वितरण, म्हणजे औषध ऊतींपर्यंत जाणे. लहान मुलांत, कुपोषित रुग्णांत आणि वृद्धांत हे प्रमाण बदलते, त्यामुळे मुलांची मात्रा वयाच्या अंदाजाने न ठरवता वजन करूनच ठरवली जाते.
- चयापचय, म्हणजे मुख्यतः यकृतात औषधाचे रूपांतर होणे. कावीळ किंवा दारूमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णात नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते.
- उत्सर्जन, म्हणजे मुख्यतः मूत्रपिंडावाटे औषध बाहेर जाणे. अमिकासिन किंवा जेंटामायसिन चालू असताना लघवीचे प्रमाण घटले तर पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवणे भाग आहे, कारण औषध शरीरात साठत जाऊन मूत्रपिंडांना व कानांना इजा करू शकते.

याखेरीज काही औषधांत उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांमधील अंतर फार थोडे असते. डिगॉक्सिन, हेपॅरिन, वॉरफॅरिन, इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट ही अशी औषधे होत, आणि ती देण्यापूर्वी काहीतरी मोजून पाहणे हा उपचाराचाच भाग असतो. डिगॉक्सिनपूर्वी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी व प्रौढात ती ६० पेक्षा कमी असल्यास डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे. इन्सुलिनपूर्वी रक्तातील साखर पाहावी आणि रुग्णाचे जेवण समोर आले आहे याची खात्री करावी.

केसपेपर वाचताना

केसपेपरवरील संक्षेप नेहमीचे असले तरी घाईच्या अक्षरात ते सहज चुकीचे वाचले जातात. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना, ‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यास आणि ‘स्टॅट’ म्हणजे ताबडतोब एकदा, हा अर्थ पाठ असावा; मात्र अक्षर लागत नसेल तर अंदाज न करता विचारावे.

- दशांश चिन्हापूर्वी शून्य असावे. ‘.५’ हे घाईत ५ वाचले जाते, म्हणून नोंद करताना ‘०.५’ असेच लिहावे.
- पूर्ण संख्येनंतर दशांश व शून्य लिहू नये. ‘५.०’ हे ५० वाचले गेले तर मात्रा दहापट होते.
- इन्सुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजीतील ‘यू’ हे आद्याक्षर न लिहिता ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण ते अक्षर शून्यासारखे दिसते.
- मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. या दोन शब्दांचे संक्षेप टाळावेत.
- एकाच घटकाची औषधे अनेक व्यापारी नावांनी येतात आणि दिसायला जवळची नावे वेगळ्या घटकांची असू शकतात. म्हणून खोक्यावरील मोठ्या अक्षरांतल्या नावावर न थांबता त्याखालचे मूळ औषधाचे नाव वाचावे.

तोंडी किंवा फोनवरील आदेश तातडीच्या प्रसंगापुरतेच स्वीकारले जातात, आणि तेही नोंदणीकृत परिचारिकेने. विद्यार्थ्याने असा आदेश स्वतः घेऊ नये, तर वॉर्डातील अधिपरिचारिकेला बोलवावे. आदेश लिहून घेऊन, रुग्णाचे नाव, औषध, मात्रा व मार्ग यांसह तो डॉक्टरांना परत वाचून दाखवला जातो आणि रुग्णालयाच्या नियमातील मुदतीत डॉक्टरांची सही घेतली जाते.

रुग्णाच्या खाटेजवळ जाण्यापूर्वी

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच निकष सर्वच विद्यार्थी पाठ करतात. त्यांत योग्य कारण, योग्य नोंद, योग्य परिणाम आणि रुग्णाचा नकाराचा हक्क यांची भर आता घातली जाते. पाठ केलेले निकष प्रत्यक्षात उतरण्यासाठी त्यांना क्रम द्यावा लागतो.

१. कपाटातून औषध काढताना लेबल आणि केसपेपर शेजारी धरून वाचावे.
२. औषध सिरिंजमध्ये घेताना किंवा गोळी वाटीत काढताना लेबल पुन्हा वाचावे, आणि मुदत, रंग, गढूळपणा व तडा यांकडे पाहावे.
३. रिकामी ॲम्प्युल किंवा पाकीट टाकून देण्यापूर्वी, रुग्णाजवळ, तिसऱ्यांदा वाचावे.
४. रुग्णाला “तुमचं पूर्ण नाव सांगा” असे विचारावे आणि आंतररुग्ण क्रमांक ताडून पाहावा. “तुम्ही वानखडे ना?” असा प्रश्न विचारल्यास तापाने ग्लानीत असलेला किंवा ऐकू कमी येणारा रुग्ण ‘हो’ म्हणून मोकळा होतो, आणि वऱ्हाडातील वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असणे मुळीच दुर्मीळ नाही.
५. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ, सूज किंवा धाप आली होती का हे प्रत्येक नव्या औषधापूर्वी विचारावे.
६. औषध स्वतः तयार केले असेल तरच द्यावे, आणि दिल्यानंतरच नोंद करावी. आधी सही करून नंतर औषध देण्याची पद्धत धोकादायक आहे. औषध भरून बाजूला ठेवावेच लागले तर त्या सिरिंजवर नाव, मात्रा व वेळ लिहिलेली पट्टी चिकटवावी.

हिशेब : मिलिग्रॅमपासून मिलिलिटरपर्यंत

सर्व हिशेबांचे सूत्र एकच आहे : आदेशातील मात्रेला उपलब्ध मात्रेने भागावे आणि आलेल्या उत्तराला ती उपलब्ध मात्रा जितक्या मिलिलिटरमध्ये विरघळलेली आहे त्या आकड्याने गुणावे. अमिकासिनच्या व्हायलवर ‘५०० मिलिग्रॅम, २ मिलिलिटर’ असे लिहिले आहे आणि आदेश ३७५ मिलिग्रॅमचा आहे असे समजा. ३७५ भागिले ५०० म्हणजे ०.७५, आणि त्याला २ ने गुणल्यावर १.५ मिलिलिटर ही मात्रा येते. उत्तर व्हायलच्या एकूण आकारमानापेक्षा जास्त आले किंवा एका डोससाठी तीन-चार व्हायल लागत आहेत असे दिसले तर हिशेब चुकला असण्याची शक्यता आधी तपासावी.

लहान मुलांच्या बाबतीत पॅरासिटामॉलचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. १० किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम औषध हवे असते, आणि बाजारात हेच औषध किमान तीन तीव्रतांत मिळते.

- ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप : ६ मिलिलिटर
- ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले सिरप : ३ मिलिलिटर
- १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब : १.५ मिलिलिटर

आईला ‘एक चमचा द्या’ असे सांगितले आणि घरी थेंबांची बाटली असली तर मूल तिपटीहून अधिक औषध घेते. म्हणून घरी जाताना बाटली हातात घेऊन, औषधासोबत येणाऱ्या मापावर रेघ दाखवून सांगावे, आणि दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवायला सांगावे.

सलाईनचा वेग काढताना एकूण मिलिलिटरला थेंबांच्या गुणकाने गुणून एकूण मिनिटांनी भागावे. नेहमीच्या संचात २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो असे पाकिटावर लिहिले असेल तर ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत देण्यासाठी ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब हा वेग येतो. सूक्ष्म थेंबांच्या संचात ६० थेंबांचा १ मिलिलिटर असल्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, असा सोपा संबंध राहतो. गुणक संचागणिक बदलतो, त्यामुळे पाकीट वाचल्याशिवाय हिशेब सुरू करू नये.

इन्सुलिनची सिरिंज : नेहमीचा सापळा

भारतात व्हायलमधील इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळते : १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. सामान्यतः ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट, रुग्णाच्या अंगात जातात आणि साखर जीवघेणी खाली येऊ शकते. उलट ४० तीव्रतेचे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर रुग्णाला केवळ ८ युनिट मिळतात. म्हणून व्हायलवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळतो का हे आधी पाहावे, दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा तपासून घ्यावी, आणि इन्सुलिन कधीही साध्या सिरिंजने मोजू नये.

वऱ्हाडातील वॉर्डात हमखास लागणारी औषधे

*फवारणीची विषबाधा आणि ॲट्रोपिन.* कपाशी आणि सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची बाधा झालेले शेतकरी व शेतमजूर अपघात विभागात येतात; हीच विषे आत्महत्येच्या प्रयत्नातही घेतली जातात. २०१७ मध्ये अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा या उपचाराची तयारी प्रत्येक वॉर्डात असणे किती निकडीचे आहे हे सर्वांना दिसले.

या विषामुळे तोंडाला फेस, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी आणि छातीत साचणारा स्राव अशी लक्षणे दिसतात, आणि रुग्ण दगावतो तो प्रामुख्याने श्वास कोंडल्यामुळे. ॲट्रोपिन हा स्राव थांबवते. नेहमीच्या ॲम्प्युलमध्ये १ मिलिलिटरमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असते, म्हणून १.८ मिलिग्रॅमचा पहिला डोस म्हणजे तीन ॲम्प्युल होतात, आणि परिणाम न दिसल्यास दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करण्याची पद्धत असल्याने पुढचे डोस सहा आणि बारा ॲम्प्युलचे होतात. एरवी एक-दोन ॲम्प्युलपुरते दिसणारे हे औषध येथे इतक्या संख्येने लागते हे पाहून विद्यार्थी बिचकतात, परंतु या विषबाधेत ते अपेक्षितच असते. वाढवणे कधी थांबवायचे हे ठरवण्यासाठी पुढील खुणा मिनिटांच्या नोंदीसह लिहाव्यात.

- छातीत घरघर उरलेली नाही (ही सर्वांत महत्त्वाची खूण)
- नाडी मिनिटाला ८० पेक्षा जास्त
- सिस्टोलिक रक्तदाब ८० पेक्षा जास्त
- काखा कोरड्या
- बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत

या खुणा दिसल्यावर तोपर्यंत दिलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के मात्रा दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. वरील उदाहरणात एकूण मात्रा १२.६ मिलिग्रॅम झाली असल्याने ताशी सुमारे १.३ ते २.५ मिलिग्रॅम इतकी ती येते. रुग्ण बडबडू लागला, अंग तापले आणि पोटातील हालचालींचा आवाज थांबला तर ॲट्रोपिन जास्त झाल्याची ती लक्षणे समजून लगेच कळवावे. प्रॅलिडॉक्सिमचा आदेश असल्यास ते एकदम न देता सावकाश, साधारण २० ते ३० मिनिटांत द्यावे लागते. रुग्णाचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुताना आपण हातमोजे घालणे विसरू नये, कारण हे विष त्वचेतूनही शिरते.

*सर्पदंश आणि विंचूदंश.* सर्पविषावरील लस कोरड्या पावडरीच्या स्वरूपात येते आणि प्रत्येक व्हायल १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते. व्हायल जोराने हलवल्यास फेस होऊन प्रथिने खराब होतात, म्हणून ती तळहातांत हळूहळू फिरवावी. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीला साधारण १० व्हायल दिल्या जातात. मुलांनाही मात्रा तेवढीच असते, कारण साप मुलाच्या अंगात कमी विष सोडत नाही. या लसीने तीव्र ॲलर्जी येऊ शकते. त्यामुळे ॲड्रिनॅलिन भरलेली सिरिंज खाटेजवळ तयार ठेवावी. प्रौढात १:१००० तीव्रतेचे ०.५ मिलिलिटर मांडीच्या स्नायूत दिले जाते. ॲट्रोपिन आणि ॲड्रिनॅलिन यांच्या छोट्या ॲम्प्युल दिसायला सारख्या असल्याने त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात.

विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर रूढ करण्यात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे संशोधन मोलाचे ठरले. पहिल्या डोसनंतर रक्तदाब उतरू शकतो, म्हणून रुग्णाला एकदम उठून उभे राहू देऊ नये.

*प्रसूती विभागातील मॅग्नेशियम सल्फेट.* गरोदरपणातील झटक्यांवर हे प्रमुख औषध आहे. ५० टक्के तीव्रतेच्या २ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम औषध असते, त्यामुळे प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम देणे म्हणजे प्रत्येकी १० मिलिलिटर होतात. पुढचा डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : गुडघ्याचा प्रतिक्षिप्त झटका येतो, श्वास मिनिटाला किमान १६ आहे, आणि गेल्या चार तासांत लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर झाली आहे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर डोस थांबवून कळवावे. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर हाताशी ठेवावे. ते शिरेतून सावकाशच द्यावे लागते.

*मेळघाटातील रुग्ण.* धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यासाठी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज, न चुकता घ्यावे लागते. त्याच्या कॅप्सूल उघडू नयेत आणि गरोदर परिचारिकेने त्या हाताळू नयेत. हिवतापासाठी प्रायमाक्विन देताना जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असल्यास रक्तपेशी फुटतात, म्हणून लघवी काळपट झाल्यास गोळी थांबवून लगेच दवाखान्यात यावे, हे घरी जाणाऱ्या रुग्णाला स्पष्ट सांगावे. कोरकू भाषा बोलणाऱ्या रुग्णाशी बोलताना दुभाषा म्हणून आशा कार्यकर्तीची मदत घ्यावी आणि सांगितलेले रुग्णाकडूनच परत वदवून घ्यावे. केवळ मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे.

मिसळताना आणि टोचताना घ्यायची काळजी

- पोटॅशियम क्लोराइड कधीही शिरेत थेट सोडू नये. हृदय तत्क्षणी बंद पडू शकते. १० मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. हाताच्या शिरेतून देताना ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये एकच ॲम्प्युल मिसळून, नीट हलवून, किमान दोन तासांत द्यावी. ही ॲम्प्युल निर्जंतुक पाण्याच्या ॲम्प्युलसारखी दिसते, म्हणून ती वेगळ्या, ठळक खूण केलेल्या डब्यातच ठेवावी.
- सेफ्ट्रियाक्झोन रिंगर लॅक्टेटसारख्या कॅल्शियमयुक्त द्रवात मिसळू नये. अर्भकांत हा संयोग जीवघेणा ठरतो.
- फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये साका धरते. ते केवळ नॉर्मल सलाईनमध्ये आणि सावकाश द्यावे.
- दोन औषधे एकत्र चालतात का याची खात्री नसेल तर ती वेगवेगळी द्यावीत आणि मध्ये सलाईनने नळी धुवावी.
- ‘एसआर’ किंवा आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्या कुटून नाकाच्या नळीतून देऊ नयेत. औषधनिर्मात्याला द्रवरूप पर्याय विचारावा.
- अर्भकांना स्नायूतील इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या मध्यभागात द्यावे. कुल्ल्यात चुकीच्या जागी टोचल्यास पायाची मोठी नस दुखावून पाय लुळा पडू शकतो.

उन्हाळा आणि औषधांची साठवण

मे महिन्यात अकोला आणि अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लेबलवरील ‘३० अंशांखाली ठेवा’ ही सूचना त्या दिवसांत आपोआप पाळली जात नाही. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्यात, शीतकपाटाच्या दारात किंवा बर्फाला चिकटून ठेवू नयेत, आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. तापमानाची नोंद सकाळ-संध्याकाळ करावी, व्हायल उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. घरी शीतकपाट नसलेल्या रुग्णाला इन्सुलिनची बाटली घट्ट बंद डब्यात घालून, पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवायला सांगता येते. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या एसटीच्या खिडकीशी ती नेऊ नये हेही सांगावे.

दुष्परिणाम दिसल्यास किंवा चूक झाल्यास

१. औषध थांबवावे, शीर चालू ठेवण्यासाठी सुई काढू नये.
२. श्वास, नाडी, रक्तदाब पाहून अधिपरिचारिका व डॉक्टर यांना तत्काळ बोलवावे.
३. व्हायल, तिचा बॅच क्रमांक आणि उरलेले औषध जपून ठेवावे.
४. काय दिले, किती, केव्हा आणि नंतर काय घडले हे केसपेपरवर जसे घडले तसे लिहावे. नोंद खोडू नये किंवा मागाहून बदलू नये.
५. संशयित दुष्परिणामाचा अर्ज भरावा. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे परिचारिकाही थेट नोंद करू शकतात आणि त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावर नसते. संशय पुरेसा असतो.

चूक लपवली तर रुग्णाला मिळू शकणारा उतारा उशिरा मिळतो. ती वेळेत सांगितली तर इन्सुलिन जास्त गेलेल्या रुग्णाला ग्लुकोज देता येते, मॅग्नेशियम जास्त गेलेल्या मातेला कॅल्शियम देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये हाती घेतलेल्या औषधसुरक्षेच्या मोहिमेचाही भर व्यक्तीला दोष देण्यापेक्षा चूक घडू देणारी व्यवस्था सुधारण्यावर आहे.

सुई आणि कचरा

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, फुटलेल्या ॲम्प्युल व काच निळ्या खुणेच्या खोक्यात, सुईविरहित सिरिंज व सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत आणि मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत जातात. सुई टोचलीच तर जागा दाबून रक्त न काढता साबणपाण्याने धुवावी आणि लगेच कळवावे, कारण एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

रुग्णाचे आणि आपले अधिकार

रुग्णाला कोणते औषध, कशासाठी दिले जात आहे हे त्याच्या भाषेत जाणून घेण्याचा आणि समजून घेतल्यावर नाकारण्याचाही अधिकार आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती, संमती आणि स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क नमूद आहे. रुग्णाने नकार दिल्यास जबरदस्ती करू नये. कारण विचारून घ्यावे, डॉक्टरांना कळवावे आणि नकाराची नोंद करावी.

विद्यार्थ्यांनीही पुढील गोष्टी निःसंकोच मागाव्यात :

- औषध देताना शिक्षिकेची किंवा अधिपरिचारिकेची देखरेख;
- न समजलेल्या आदेशाचे स्पष्टीकरण, आदेश कितीही ज्येष्ठ डॉक्टरांचा असला तरी;
- हिशेब दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची मुभा;
- हातमोजे, सुई नष्ट करणारे यंत्र आणि हिपॅटायटिस बीची लस;
- चूक कळवल्यानंतर सन्मानाने ऐकून घेतले जाणे.

गर्दीच्या वॉर्डात हे मागणे अवघड वाटते, आणि ‘लवकर उरका’ हे शब्द रोज कानावर पडतात. तरीही डॉक्टरांच्या आणि औषधनिर्मात्याच्या हातून सुटलेली चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी अडवण्याची शेवटची संधी परिचारिकेकडेच असते, म्हणून विचारण्यात गेलेले एक मिनिट हा उपचारातला विलंब नसून उपचाराचाच भाग आहे. पुढच्या पोस्टिंगला जाताना खिशात एक छोटी वही ठेवावी, वॉर्डात रोज लागणाऱ्या दहा औषधांची तीव्रता, मार्ग, उतारा आणि आधी मोजायची खूण तीत स्वतःच्या हाताने लिहावी, आणि ती वही शिक्षिकेकडून तपासून घेतल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.